आकाशातले पाच वीर आणि आयांची बैठक



१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' लागायचं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. मोगली हिंदी बोलायचा, गाणं गुलजारांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. ती मालिका आपल्याला आपलीच वाटायची. पण तिची चित्रं जपानमध्ये काढलेली होती. एका देशात काढलेली चित्रं दुसऱ्या देशाने विकत घ्यायची, त्यावर आपले आवाज चढवायचे, असा हा व्यवहार. आज आम्ही अशाच एका जुन्या मालिकेची हकीकत सांगणार आहोत. तिच्यात नुसती भाषा बदलली नाही, गोष्टच बदलली.

ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानच्या टीव्हीवर 'गॅचामन' नावाची चित्रमालिका सुरू झाली. पाखरांसारखे पोशाख घातलेले पाच तरुण वीर. केन, जो, जून, जिनपेई आणि र्यू. पाचांत मुलगी एकच, जून. ती एक छोटं खाण्यापिण्याचं दुकान चालवते, स्फोटकांचं काम तिला येतं, आणि लहानग्या जिनपेईला सांभाळते. हे पाचजण ज्याच्याशी लढतात ती टोळी पृथ्वीवरचीच. पहिल्याच भागात कासवाच्या आकाराचं भलंमोठं यंत्र येतं आणि युरेनियम पळवतं. त्या काळी जपानी माणसाच्या मनात कारखाने, धूर आणि विष यांची धास्ती होतीच. मिनामाता गावात कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माणसं लुळी पडली, मेली, आणि मार्च १९७३ मध्ये कोर्टाने त्या कारखान्याला जबाबदार धरलं. ही मालिका तेव्हा चालूच होती. तिच्यात शहरं पडतात, माणसं मरतात, मुलं पोरकी होतात. १९७४ साली १०५ भागांनी ती संपली, तेव्हा पाचांतला जो प्राणघातक जखमी झालेला असतो. मुलांची मालिका खरी, पण लढाईची किंमत तिने लपवली नाही.

१९७७ साली सँडी फ्रँक नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्याने ती पाहिली आणि विकत घेतली. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स' हा सिनेमा आला होता आणि सगळ्यांना अंतराळाचं वेड लागलं होतं. मग काय, पृथ्वीवरची लढाई नेऊन ठेवली परग्रहांवर! मधेमधे ग्रहताऱ्यांची चित्रं घातली आणि नाव दिलं 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स', म्हणजे ग्रहांची लढाई. १०५ पैकी ८५ भाग घेतले. १९७८ पासून ते अमेरिकेत लागू लागले. केनचा झाला मार्क, जोचा जेसन. जूनचं नाव ठेवलं 'प्रिन्सेस', म्हणजे राजकन्या. दुकान चालवणाऱ्या कष्टाळू पोरीला राजकन्या का करावं लागलं, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही. मूळ गोष्टीतला खलनायक कधी पुरुष तर कधी बाई होऊन येतो. तेही चालेना, म्हणून बाईचं रूप दिसलं की ती त्याची बहीण, असं सांगून मोकळे झाले.

मुख्य कात्री चालली ती मारामारीवर आणि मरणावर. कापलं की भाग तोकडा पडणार. ती भोकं बुजवायला नवा यंत्रमानव काढला, सेव्हन झार्क सेव्हन. समुद्राच्या तळाशी बसून तो गोष्ट समजावून सांगतो, विनोद करतो. त्याचा कुत्रासुद्धा यंत्राचा. चित्रात शहर कोसळताना दिसतं आणि आवाज सांगतो, काळजी नको, माणसांना आधीच बाहेर काढलं होतं.

ही कात्री आली कुठून? इथे मैत्रिणींनो, आपल्यासारख्या बायांचा संबंध येतो.

१९६८ साली बोस्टनजवळच्या न्यूटन गावात पेगी चॅरन या बाईंच्या घरी काही आया जमल्या. मुलं टीव्हीपुढे बसतात, त्यांना काय दाखवलं जातं, एवढाच विषय. त्यातून संघटना उभी राहिली. औषध कंपन्या मुलांच्या कार्यक्रमात जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची जाहिरात करायच्या, जणू चॉकलेटच. या आयांनी पाठपुरावा केला आणि १९७२ साली त्या जाहिराती थांबल्या. पुढे शिक्षक-पालक संघांनीही टीव्हीवरच्या मारामारीविरुद्ध आवाज उठवला. वाहिन्यांवर दबाव आला आणि कार्यक्रम विकणारे सावध झाले.

पण चॅरनबाईंचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. त्या कापाकापीच्या विरुद्ध होत्या. मुलांसाठी चांगले आणि तऱ्हेतऱ्हेचे कार्यक्रम करा, आणि मुलांना गिऱ्हाईक समजू नका, ही त्यांची मागणी. चांगला कार्यक्रम करायला पैसा लागतो, कात्री स्वस्त पडते. धंदेवाल्यांनी स्वस्तातलं उचललं. आम्हाला तर वाटतं, कापलेली लढाई मूळ लढाईपेक्षा वाईट. बाँब पडतो आणि कुणाचं काही जात नाही, असं रोज पाहणाऱ्या पोराने काय समजायचं? तरी मुलांनी ती मालिका जीव लावून पाहिली, हेही खरं. आणि पाच वीरांत एक मुलगी लढते आहे, हे दृश्य कात्रीतून वाचलं. अमेरिकेतल्या मुलींना त्या काळी असं दृश्य रोज मिळत नव्हतं.

चॅरनबाईंच्या लढ्याला १९९० साली कायद्याचं फळ आलं. मुलांच्या कार्यक्रमात तासाला जाहिराती किती, याला हद्द पडली. शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा. दोन वर्षांनी त्यांनी संघटना आपणहून बंद केली.

ती मालिका पाहणारी पोरं मोठी झाली, त्यांना पोरंबाळं झाली. २००० नंतर अमेरिकेत तिच्या डीव्हीडी निघाल्या. त्यांत अमेरिकी भागाबरोबर त्याचा मूळ जपानी भागही दिलेला होता. लोकांनी दोन्ही पाहिले. लहानपणी त्यांना रिकामं म्हणून सांगितलेलं शहर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यात माणसं होती.