शिफारशीचा अधिकार आणि तीन शहरे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकाच लोहमार्गावर ओळीने वसलेल्या शहरांत आमदार आणि खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून होणारी कामे आज इतकी नित्याची झाली आहेत, की ही वहिवाट फार जुनी असावी असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुतः ती चार दशकांहून फारशी जुनी नाही, आणि तिच्यापूर्वी स्थानिक कामांसाठी पैसा उभारण्याची जी रीत या मुलखात रूढ होती ती तिच्याहून मूलतः भिन्न होती.

मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून वसूल होऊ लागला. मामलेदाराच्या कचेरीत सरकारी साऱ्याबरोबरच जमा होणाऱ्या या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाई आणि उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामी लागे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली, आणि कलेक्टरचा वरचष्मा कायम राहूनही खर्चाचा निर्णय निदान एका सभेत, काही निर्वाचित सभासदांच्या साक्षीने होऊ लागला. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हाही कर, सभा आणि काम ही शृंखला अभंगच राहिली. तीत पहिला बदल झाला तो १९८४-८५ साली, जेव्हा महाराष्ट्र शासनाने आमदारांच्या शिफारशीने लहान कामे घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. आणि २३ डिसेंबर १९९३ रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांनी संसदेत तशीच योजना खासदारांसाठी जाहीर केली.

या तारखेकडे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्याच वर्षीच्या १ जूनला नगरपालिकांना घटनात्मक प्रतिष्ठा देणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली होती. गटार, दिवाबत्ती आणि पाणवठा हे ज्यांचे स्वाभाविक क्षेत्र, त्या संस्थांना राज्यघटनेने मान्यता द्यावी, आणि वर्ष संपण्यापूर्वीच त्याच क्षेत्रातील कामे सुचविण्याचा अधिकार दिल्लीत कायदे करण्यासाठी निवडलेल्या सभासदाला मिळावा, ही विसंगती लहान नव्हे. आरंभी दर खासदारामागे पाच लाखांची असलेली ही तरतूद पुढच्याच वर्षी एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी आणि २०११-१२ पासून पाच कोटी झाली. राज्याच्या आमदारांचा निधीही २०२२ साली पाच कोटींवर गेला.

आपल्या तीन शहरांत ही विसंगती विशेष ठळक व्हावी असा त्यांचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शिलाहारांनी शके ९८२ मध्ये पूर्ण केलेल्या शिवालयाचे अंबरनाथ आगपेट्यांचे आणि दारूगोळ्याचे कारखाने उभे राहिल्यावर औद्योगिक नगर बनले. आणि कुळगाव-बदलापूर तर मुंबईच्या वाढत्या लोकसंख्येने पाहता पाहता शहर करून टाकले. अंबरनाथ व बदलापूर १९८३ साली कल्याणच्या महानगरपालिकेत गेली आणि १९९२ साली पुन्हा स्वतंत्र झाली. उल्हासनगरला महानगरपालिका मिळाली ती १९९६ मध्ये. अर्थात खासदार निधी आला त्या वेळी या भागातील दोन नगरपालिका नव्याने घडी बसवीत होत्या, आणि भरभर वाढणाऱ्या वस्तीला पायवाटा, शौचालये, शाळेच्या खोल्या यांची निकड अशी होती, की पैसा कोणाच्या शिफारशीने येतो हे विचारण्यास कोणाला सवड नव्हती.

या निधीने येथील गरिबांचे काहीच भले केले नाही, असे मी म्हणणार नाही. खासदार निधीतील पंधरा टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांवर खर्च व्हावी असा दंडक आहे, आणि बदलापूरभोवतीच्या ठाकूर-कातकरी पाड्यांना त्याचे मोल आहे. परंतु लहान कामांची ही रीत मोठ्या दुखण्यापुढे हतबल ठरते. अंबरनाथच्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून पुढे कल्याणच्या खाडीस मिळेपर्यंत कारखान्यांच्या रसायनांनी आणि सांडपाण्याने विटून जाते, आणि समाजमंदिरे कितीही उभारली तरी नदी शुद्ध होत नाही. त्यात २००८ च्या पुनर्रचनेने उल्हासनगर-अंबरनाथ कल्याण लोकसभा मतदारसंघात ठेवले आणि बदलापूर मुरबाड विधानसभा क्षेत्राबरोबर भिवंडीकडे गेले. रेल्वे एक, उल्हास नदीचे खोरे एक, पण शिफारशींच्या सरहद्दी निराळ्या.

६ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने भीमसिंग खटल्यात ही योजना वैध ठरविली, तिचा मुख्य आधार असा, की खासदार केवळ शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासन व स्थानिक संस्थांकडे राहते. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि केनियाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये आपापल्या देशांतील अशाच निधींचे कायदे व तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, त्या पार्श्वभूमीवर आपल्या न्यायालयाच्या या ‘केवळ’ शब्दावर केवढा भार आहे हे ध्यानी येते. शिफारस म्हणजे आज्ञा झाली, आणि सरकारी खजिन्यातील पैसा एखाद्या व्यक्तीची देणगी म्हणून मिरवू लागला, तर तो आधार उरत नाही. म्हणून कामांची यादी शिफारशीपूर्वीच त्या त्या नगरपालिकेच्या अथवा महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे यावी आणि तेथील ठरावातूनच निवडली जावी, असा आग्रह या तिन्ही शहरांच्या मतदारांनी आपल्या आमदार-खासदारांकडे धरावा.