हिरव्या चुड्याचा रंग

भगिनींनो, बांगडीचा हिरवा रंग वरून दिलेला नसतो; तो काचेच्या पोटातच असतो. मी सातवी शिकलेली बाई. मुलांच्या पुस्तकांतून नि वाचनालयातून जे जमविले, ते सांगते.

वाळू, सोडा नि चुना भट्टीत एकजीव वितळले की काच होते. वाळूत लोहाचा अंश असला की ती आपोआप हिरवट होते. जुन्या बाटल्यांचा हिरवटपणा तोच. तो घालवावयास बेताने मँगनीज घालतात. हात सैल सुटला की काच जांभळी! कोबाल्टच्या चिमटीने निळी होते. तांब्याची तऱ्हा मात्र औरच. भट्टीत हवा खेळती असली तर ते निळा-हिरवा रंग देते. धूर कोंडून हवा तोडली तर तेच तांबे काच लाल करते. जुने कारागीर हे आगीकडे पाहूनच ओळखीत असतील. हल्लीचा गर्द हिरवा रंग बहुधा क्रोमियमचा. हा धातू फ्रान्समध्ये १७९७ साली सापडला. तेव्हा पेशवाईतल्या आजीबाईंच्या चुड्यात तो कुठला? तिथे तांबे नि लोह.

काचेची बांगडी आपल्याकडे फार जुनी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले, त्यात बहामनी काळातील रंगीत बांगड्यांचे तुकडे निघाले. आपल्याजवळचे उदाहरण हवे तर गाडीने घाट चढावा. लोणावळ्यापुढे तळेगाव. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून पैसाफंड उभारला, लोकमान्यांनी त्यास बळ दिले आणि १९०८ साली तेथे स्वदेशी काच कारखाना निघाला. एका पैशाची ही करामत!

जुनी काळी बांगडी मिळाली तर उजेडात धरून पाहा. पुष्कळदा ती गर्द हिरवी किंवा जांभळी निघते. लोह किंवा मँगनीज जास्त झालेले, एवढेच. हिरवी सवाष्णीची नि काळी अशुभ, हे आपण ठरविले, भट्टीने नव्हे. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेच्या बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारनेही इतर गावांना तसेच सुचविले.

यंदा मंडळाच्या हळदीकुंकवाला कासारीणबाईंना आपण सांगितले, येईल तिला हिरव्याच भरा. माझ्या जाऊबाई पाच वर्षांनी बसल्या. हात वाळलेला, नेहमीचे माप सैल पडले. कासारीणबाईंनी काही न बोलता लहान मापाचा जोड काढला.