वऱ्हाडातील काळा पाषाण व भूकंपलहरी

अकोल्याच्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला दख्खनचा लाव्हा. विहीर खणताना काळ्या पाषाणात मध्येच लाल मातीचा पट्टा लागतो. दोन उद्रेकांमधील उसंतीत तयार झालेली ती माती होय. मात्र या लाव्ह्याच्या तळाशी काय आहे, हे विहिरीतून कळत नाही. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने उज्जैन ते वऱ्हाडातील महान गाव अशा लांबलचक रेषेवर खोल भूकंपीय मापन केले. बोअरमध्ये सुरुंग उडवायचा आणि दूरवर ओळीने मांडलेल्या भूश्रवकांवर, म्हणजे जमिनीची थरथर टिपणाऱ्या यंत्रांवर, लहर किती वेळाने पोचते ते नोंदवायचे, ही त्याची रीत. बेसाल्टमधून लहर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावते, त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकात सुमारे ६, तर गाळाच्या खडकात बरीच हळू. खरी अडचण इथेच येते. वेगवान बेसाल्टखाली मंद गाळखडक असला, तर सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरींत त्याचा मागमूस लागत नाही. गाळखडकाच्या तळावरून परावर्तित होऊन उशिरा आलेल्या लहरी चिकाटीने वाचाव्या लागतात. नर्मदा-तापी पट्ट्यात लाव्ह्याखाली दडलेले मध्यजीव काळातील गाळखडक अशाच मापनांतून उमगले. जागृत ज्वालामुखीखाली हेच तत्त्व शिलारस शोधते: वितळलेल्या भागात दाबलहरी मंदावतात, खडकाला आडवे हलवणाऱ्या कर्तनलहरी तर द्रवातून जातच नाहीत. वऱ्हाडाखाली असा रस आता उरलेला नाही.