नवीन शहरात फिरताना मॅप नीट कसा वापरायचा? कोल्हापूरचं उदाहरण

कोल्हापुरात उतरल्या उतरल्या मी तेच केलं जे आपण सगळे करतो. फोन काढला आणि इंग्रजीत ‘मिसळ निअर मी’ टाकलं. सगळ्यात वर आलेल्या ठिकाणी पाऊण तास नंबर लावला. रांगेत गप्पा झाल्या तेव्हा कळलं की पुढचे-मागचे सगळे माझ्यासारखेच पुण्या-मुंबईहून आलेले. मिसळ वाईट नव्हती. पण संध्याकाळी लॉजवरच्या काकांना नाव सांगितलं तर ते म्हणाले, “तिकडं आम्ही कधी जात न्हाई बघा.”

मग मॅपने मला तिथेच का पाठवलं?

वरचा नंबर कसा ठरतो?

गूगल मॅप्सवर जवळपासच्या जागा दाखवताना मुख्यतः तीन गोष्टी बघितल्या जातात: तुम्ही जे शोधलं त्याच्याशी जागा किती जुळते, ती किती लांब आहे आणि ती किती प्रसिद्ध आहे. प्रसिद्धी मोजताना रिव्ह्यूंची संख्या आणि रेटिंगही धरलं जातं. म्हणजे जिथे जास्त लोक जातात तिथे जास्त रिव्ह्यू येतात, आणि रिव्ह्यू जास्त म्हणून अजून लोक जातात. तीस वर्षं चालणारी पण पाटी रंगवून घ्यायलाही वेळ नसलेली गाडी या चक्रात येतच नाही.

यावर मी आता काय करते ते सांगते.

१. निघण्याआधी ऑफलाइन मॅप

प्रोफाइल फोटोवर टॅप करा, ‘ऑफलाइन मॅप्स’मध्ये जा, शहराचा चौकोन निवडा आणि वाय-फायवर डाउनलोड करा. नेट नसलं तरी जागा शोधता येते आणि गाडीचा रस्ता कळतो. मात्र चालत जायचा रस्ता ऑफलाइन दिसत नाही. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे फुकट अ‍ॅप ठेवा. पेठांमधल्या बोळांतून फिरताना ते कामाला येतं.

२. तिथल्या शब्दांनी शोधा

‘फूड’, ‘शॉपिंग’ असं शोधलं की मॉल आणि कॅफे येतात. त्याऐवजी देवनागरीत ‘भडंग’, ‘पांढरा रस्सा’, ‘साज’, ‘तालीम’ टाकून बघा. इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे शोधा, यादी बऱ्याचदा वेगळी येते.

‘तालीम’ मुद्दाम सांगितलं. कोल्हापुरात पत्ता बऱ्याचदा तालमीवरून सांगतात, आणि तीन रस्ते मिळतात त्या जागेला ‘तिकटी’ म्हणतात. हे दोन शब्द कळले की अर्धं गाव कळतं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर तुमच्यासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. तिथून खासबाग कुस्ती मैदानाकडे या. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये ते सुरू झालं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला मोठी आग लागली. चित्रं बघायची असतील तर टाउन हॉल म्युझियम चुकवू नका. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूही तिथे आहेत.

३. रेटिंगचा आकडा एकटा बघू नका

दहा लोकांनी ५ स्टार दिले तर रेटिंग ५. त्यात दोघांनी १ स्टार दिला की ते थेट ४.३ वर येतं. पण हजार रिव्ह्यूंवर ४.५ असलेल्या जागेला तेच दोन रिव्ह्यू हलवूही शकत नाहीत. म्हणून छोट्या जागेचा आकडा कमी दिसला तर लगेच सोडून देऊ नका. रिव्ह्यू ‘न्यूएस्ट’ लावून वाचा. शोधाच्या खिडकीत ‘कट’ टाका. कोल्हापुरात मिसळीच्या तिखट रश्शाला कट म्हणतात आणि सोबत पावाऐवजी बऱ्याचदा ब्रेडच्या स्लाइस येतात. कटाबद्दल मराठीत भांडणारे रिव्ह्यू सापडले की समजा, इथे गावातले लोक जेवतात.

४. सापडलेली जागा मॅपवर टाका, पण विचारून

चपलांच्या बाजाराजवळ एका बोळात मला एक आजोबा चप्पल शिवताना दिसले. मॅपवर त्यांच्या दुकानाचा पत्ताच नव्हता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय टॅग मिळाला. तो महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना लागू आहे. पण टॅग मिळाला म्हणून गिऱ्हाईक आपोआप बोळात शिरत नाही.

मी विचारलं, “आजोबा, मॅपवर टाकू का दुकान?” ते म्हणाले, “टाका की. फक्त नंबर नको. हातात आरी असताना फोन कोण उचलणार?”

‘अ‍ॅड अ मिसिंग प्लेस’मध्ये मी नाव, त्यांनी सांगितलेली वेळ आणि त्यांच्या परवानगीने पाटीचा एक फोटो टाकला. बोळात पिन चुकू नये म्हणून जागेवर बोट दाबून ठेवलं आणि प्लस कोड तपासून घेतला. हा छोटा कोड म्हणजे अक्षांश-रेखांशावरून बनलेला पत्ता, घर नंबर नसला तरी चालतो.

एक पथ्य मात्र पाळा. कोणी राहत्या घरातून डबे देत असेल किंवा मालक नको म्हणत असेल, तर ती जागा टाकू नका. तुमच्यासाठी ती एक पिन असते, पण त्यांचं ते दार असतं.

तीन महिन्यांनी मी आजोबांचं पान उघडून बघितलं. खाली दोन रिव्ह्यू होते. एकात लिहिलं होतं, ‘बोळात आत आहे, पण या.’