टोपीची पिन

मोटारीचा इतिहास लिहिणारे ती किती वेगाने धावली ते लिहितात. ती सुरूच झाली नाही तेव्हा लोकांनी काय केलं, हे फारसं कुणी लिहीत नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. वसुलीपेक्षा थकबाकीत माझा जीव अधिक. म्हणून हा थकलेल्या मोटारींचा इतिहास.

त्यातलं पहिलं नाव बेर्था बेंझ या जर्मन बाईंचं. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला, म्हणजे कार्ल बेंझना, न सांगता त्यांची तीनचाकी मोटार काढून बाई दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभरावर किलोमीटर. लग्नाआधीच त्यांनी हुंड्याची रक्कम या गृहस्थांच्या धंद्यात घातली होती. तेव्हा आमच्या भाषेत त्या माहेरी नव्हे, तारण तपासायला निघाल्या होत्या! वाटेत इंधनाची नळी तुंबली. बाईंनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली. तिला मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं, तेव्हा औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव्य विकत घेतलं.

पुढे शंभर वर्षं मेकॅनिक मंडळींनी याहून निराळं काय केलं? इंजिनाला लागतात पेट्रोल, हवा आणि ठिणगी. १८९३ मध्ये मायबाख यांनी पेट्रोल फवारणारा कार्बोरेटर केला. अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि जेट नावाच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. जुन्या अत्तराच्या फवाऱ्याचंच तत्त्व. प्रमाण वजनाने एकास सुमारे पंधरा. गार इंजिनात पेट्रोलची वाफ धड होत नाही, म्हणून चोक ओढायचा, हवा आवरायची आणि पेट्रोलचा वाटा वाढवायचा. फार ओढला तर प्लग भिजतात आणि गाडी 'ओव्हर' होते. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला. तोवर हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडे.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटची १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली, तरी चोक होताच. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एका काकांची तशीच एक जुनी गाडी होती. सकाळी तिने नुसतं घुरघुर केलं की गॅलऱ्या भरत. हेडमास्तर वरूनच विचारत, "पेट्रोलचा वास येतोय का?" येत असेल तर चोक आत, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारा. नसेल तर पेट्रोलच पोचत नाही. पंप बघा, जेट फुंका. तरी ढिम्म, तर प्लग काढून ठिणगी बघा, पॉइंट पॉलिशपेपरने घासा. हेडमास्तरांकडे सायकलसुद्धा नव्हती! काकू तर स्वयंपाकघरातून नुसत्या वासावर निदान करत, "अहो, ओव्हर झाली, दहा मिनिटं थांबा. तोवर चहा घ्या." आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू होई. शेवटचा उपाय म्हणजे आम्ही पोरं, ढकलायला.

२००० सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आताच्या गाडीत पेट्रोलचा हिशेब संगणक ठेवतो. धूर कमी, पेट्रोल कमी, सकाळी किल्ली फिरवली की चालू. खोटं कशाला बोला, चाकरमान्याला हेच हवं.

पण ती एखाद्या दिवशी सुरू झाली नाही, तर बॉनेट उघडून बघणार काय? वर काळं झाकण, आत काय ते कंपनीच्या माणसाला ठाऊक. तो येतो, वायर जोडतो आणि पडद्यावरचा आकडा वाचतो. मालक शेजारी हात बांधून उभा. तसे चेहरे मी रोज काउंटरपलीकडे पाहतो, 'सिस्टिम डाऊन आहे' एवढं सांगितलं की. पूर्वी लेजर उघडून ग्राहकाला चूक बोट ठेवून दाखवता यायची. आता मलाही ती दिसत नाही.

गाडी बिघडत होती तेव्हा ती निम्म्या चाळीला कळत होती. आता बिघडत नाही आणि कळतही नाही. बेर्थाबाई आज आल्या, तर टोपीची पिन काढतील हो. पण घालतील कुठे?