चौकाखालची रहाड

नाशकात आलेल्या परगावच्या पाहुण्याला तिवंधा चौकात उभे करावे आणि सांगावे, "बुवा, तुम्ही हौदावर उभे आहात." पाहुणा आधी पायाखाली पाहील, मग आपल्या तोंडाकडे. खाली तर साधा रस्ता, सायकली आणि रिक्षा चाललेल्या. हौद कुठला? पण सांगणारा थट्टा करीत नसतो. त्या रस्त्याच्या पोटात खरोखरच एक चौकोनी दगडी हौद आहे. नाशिककर त्याला रहाड म्हणतात.

तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा, तांबट लेन अशा जुन्या वस्तीत या रहाडी आहेत. परंपरेने त्या पेशवाईतल्या मानल्या जातात. गोदाकाठी सरकारवाडा, सरदारांचे वाडे, देवळे आणि तालमी यांनी गाव भरले, तो हा काळ. १८१८ साली नाशिक इंग्रजांकडे गेले. पुढे वाड्यांना उतरती कळा लागली; रहाडी मात्र टिकल्या. रहाडीचा मान एखाद्या घराण्याचा असेल, पण तिच्यात उडी मारायला सारी गल्ली मोकळी. जे साऱ्यांचे असते, त्याला राखणारेही पुष्कळ मिळतात.

आमच्याकडे धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. रंग खेळायचा तो रंगपंचमीला. त्याआधी चौक खणतात, वरची माती आणि लाकडे काढतात, हौद धुऊन पाण्याने भरतात. पानाफुलांचा रंग उकळून त्यात ओततात. रंगही ठरलेला: शनि चौकात गुलाबी, दिल्ली दरवाजाला केशरी, तिवंध्याला पिवळा. मग पूजा होते, आणि मग उडी. तिचे नाव धप्पा! धप्पा साधला की काठावरची माणसेदेखील न्हाऊन निघतात. नुसते पाण्यात पडणे म्हणजे धप्पा नव्हे; अंग कसे झोकावे, पाणी किती उसळवावे, हे पोरे थोरल्यांचे पाहूनच शिकतात. रंग असा चढतो की दुसऱ्या दिवशी माणूस कोणत्या रहाडीतून आला, हे सांगावे लागत नाही.

भर चौकात अंगाचे कसब दाखवण्याची ही हौस काही नाशिकचीच नव्हे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात, सरकारी कचेऱ्यांच्या शेजारी, १९६५ साली एक फरसबंद चौक बांधला गेला. गंमत अशी की त्याच्याही पोटात पोकळी आहे, पण ती मोटारी ठेवण्यासाठी. कचेरीतल्या लोकांनी घटकाभर बसावे म्हणून केलेल्या तिथल्या पायऱ्या आणि कट्टे पोरांना भलत्याच कामासाठी आवडले. चाके लावलेल्या फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर, उभे राहून ती त्यावरून उड्या घेऊ लागली. जगभर त्या जागेचे नाव झाले. नगरपालिकेने मात्र बंदी घातली. तेव्हा २००२ साली, ज्यांच्या मनात या चौकाची कल्पना प्रथम आली ते नगररचनाकार एडमंड बेकन, वय वर्षे ब्याण्णव, स्वतः तिथे गेले आणि दोघांचा आधार घेऊन फळीवर उभे राहिले! बंदी काही उठली नाही. २०१६ साली तो चौक उखडला आणि २०१८ साली नव्या रूपात उघडला.

तिथे शहराने चौक बांधला आणि खेळ पोरांनी शोधला. म्हणून भांडण झाले. आपल्याकडे गावाने आधीच तडजोड करून ठेवली आहे. वर्षभर चौक राहदारीचा. रंगपंचमीला तो खेळणाऱ्यांचा. त्या दिवशी गाड्यांनी वळसा घालायचा, आणि खेळ संपला की खेळणाऱ्यांनी हौद झाकून रस्ता पुन्हा गावाच्या हवाली करायचा. यात कुणाची हार नाही.

पण या व्यवस्थेत एक धोका आहे. देऊळ डोळ्यांना दिसते, वाडा पडला तरी त्याचा चौथरा दिसतो. झाकलेली रहाड कशी दिसणार? तिचा ठावठिकाणा गल्लीतल्या माणसांच्या आठवणीत असतो. चार-दोन वर्षे उघडली नाही, जाणती माणसे गेली, वरून नळ टाकले, काँक्रीट ओतले, की संपले! पाडायलाही नको, विसरले की पुरे. म्हणून रस्त्याचे काम काढणाऱ्याने कुदळ मारण्यापूर्वी गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे. आणि म्हाताऱ्यांनी नातवंडांना हाताला धरून ती जागा दाखवून ठेवावी. रहाड राखायची तर दरवर्षी तिच्यात कोणीतरी उडी मारली पाहिजे.