नेतृत्वाची पहिली पायरी

वऱ्हाडातील नेतृत्वाचा इतिहास पाहू लागलो की आम्हांला विधिमंडळाच्या आधी वसतिगृह दिसते. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, आणि खेड्यातला मुलगा तेथे जातीबाहेरच्या मुलांबरोबर राहायला शिकला.

मुस्लिम तरुणांकडे वळलो की एक वेगळेच उदाहरण समोर येते. १९८० आणि १९८४ साली वाशीम मतदारसंघाने गुलाम नबी आझाद यांना लोकसभेवर पाठवले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. आझाद काश्मीर विद्यापीठात शिकलेले, युवक काँग्रेसमध्ये वाढलेले. हिंदुबहुल मतदारसंघाने दूरच्या मुसलमान उमेदवाराला आपले म्हटले, हे मोलाचेच. परंतु पक्षाने पाठवलेला नेता आणि इथल्या महाविद्यालयात घडलेला नेता यांत अंतर असते.

तो घडावा कोठे? अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. पुढे १९९४च्या कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर ठरू लागला आणि मते मागण्याचा सराव सुटला. नुकसान सर्वांचेच झाले. पण ज्याच्यामागे संस्था वा घराणे नाही, त्याचे अधिक. उर्दू शाळेतून आलेल्या मुलीने मराठी वर्गापुढे उभे राहून परक्यांचे मत मिळवावे, हे शिक्षण कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

२०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. ती कागदावरून वर्गात उतरली, तरच आपल्या समाजापुरता पुढारी आणि सर्वांचा प्रतिनिधी यांतला फरक विद्यार्थ्याला विशीतच उमगेल.